बेसमेंटच्या भिंतींचं फ्रेमिंग स्वतः करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलं की वर्षा-दोन वर्षांत बेसमेंटचा विषय निघतोच. नाटकाच्या तालमींना जागा हवी असते, मुलांचा पसारा वर मावत नाही, भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतात, आणि खाली एवढी मोठी जागा नुसत्या काँक्रीटच्या भिंतींत पडून असते. हे पान त्यातल्या एकाच टप्प्याबद्दल आहे: लाकडी चौकटीच्या भिंती उभ्या करणं, म्हणजे फ्रेमिंग. ड्रायवॉल (चौकटीवर लावायचे जिप्समचे ताव), फ्लोअरिंग आणि बाथरूम हे वेगळे विषय आहेत, त्यांचा इथे गरजेपुरताच उल्लेख आहे.

आयुष्यात कधी करवत धरली नाही. हे मला जमेल का?

जमेल. बेसमेंटमधल्या बहुतेक नव्या भिंती घराचा भार उचलत नाहीत. तो भार काँक्रीटच्या भिंती, मधला बीम आणि लोखंडी खांब आधीपासूनच पेलत असतात. तुमच्या भिंतीने सरळ उभं राहायचं, ड्रायवॉल धरायचा आणि वर्षानुवर्षं कोरडं राहायचं, एवढंच तिचं काम. सरळ उभं राहणं हे मोजमापाचं काम आहे आणि ते शिकता येतं. कोरडं राहणं मात्र लाकडाला हात लावण्याआधी ठरतं. म्हणून खालची बरीच उत्तरं सुतारकामापेक्षा पाण्याबद्दल आणि भिंतीमागच्या पोकळीबद्दल आहेत. बेसमेंट बिघडतं ते तिथेच.

परमिट घ्यावंच लागतं का? घराच्या आतलंच तर काम आहे.

जवळपास सगळीकडे लागतं. बेसमेंट राहण्याजोगं करणं म्हणजे घराच्या वापरात बदल, आणि त्यावर टाउनशिपची किंवा सिटीची नजर असते. स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करायला बहुतेक ठिकाणी मुभा आहे. न्यू जर्सीत एकाच कुटुंबाचं, स्वतःच्या वापराचं घर असेल तर मालकाला आराखडेसुद्धा स्वतः काढता येतात. ऑन्टॅरिओत वायरिंग स्वतः करायचं असेल तर ईएसएकडे (तिथल्या विद्युत सुरक्षा प्राधिकरणाकडे) वेगळी नोंद करावी लागते. टाउनहाउस असेल तर एचओएची, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीची, परवानगीही बघा, कारण शेजाऱ्याबरोबरची सामाईक भिंत हा आगीच्या दृष्टीने नाजूक भाग असतो.

परमिट टाळण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. घर विकताना परमिट नसलेलं बेसमेंट उघडं पाडलं जातं, आणि कधी कधी ड्रायवॉल फोडून आतली कामं दाखवावी लागतात. शिवाय इन्स्पेक्टर हा तुमच्या कामावर नजर टाकणारा जाणकार माणूस आहे, तोही परमिटच्या फीमध्ये. पहिल्यांदाच काम करणाऱ्याला यापेक्षा स्वस्त गुरू मिळणार नाही.

भाड्याने द्यायचं स्वतंत्र बेसमेंट अपार्टमेंट, ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे असतात तसं, करायचं असेल तर नियम पूर्ण वेगळे आणि बरेच कडक आहेत. त्यासाठी हे पान पुरेसं नाही.

बेसमेंट फ्रेमिंगसाठी तयार आहे हे कसं ओळखायचं?

भिंतींकडे नीट बघा. खालच्या फूट-दीड फुटात पांढरी बुकटी, म्हणजे लोणा, दिसतोय का? काँक्रीटमधून पाणी पाझरतं, आतले क्षार बरोबर आणतं आणि पृष्ठभागावर सोडून उडून जातं. लोणा घासून काढला तरी पाणी येतच राहतं. पाणी अडवलं नाही तर सहा महिन्यांत तो परत फुलतो, फक्त आता तो तुमच्या भिंतीच्या मागे असतो.

आधी घराबाहेर या. बहुतेक ओल बाहेरूनच सुटते, आणि उपाय स्वस्त असतात. छपरावरचं पाणी आणणारे डाउनस्पाउट घराच्या अगदी कडेला संपत असतील तर त्यांना नळ्या जोडून पाणी लांब न्या. पायाभोवतीची माती घरापासून दूर उतरती हवी. अमेरिकेतला नेहमीचा नियम म्हणजे पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार. बांधकामाच्या वेळी भरलेली माती काही वर्षांत खचते आणि उतार उलटा घराकडे होतो, तो माती घालून परत द्यावा लागतो. गटर पानांनी तुंबलं असेल तर ते साफ करा. एवढं करून एक सबंध वसंत ऋतू जाऊ द्या. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतो, वरून पाऊस लागतो, आणि तीच खरी परीक्षा. तेव्हा जमीन कोरडी राहिली तर पुढे जा.

फरशीची ओल तपासायला साधी युक्ती आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारही कडांनी टेपने काँक्रीटवर घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. खालून थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट झालं तर ओल स्लॅबमधून, म्हणजे जमिनीच्या काँक्रीटमधून, येते आहे. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला पाणी दिसलं तर तो खोलीतल्या हवेतला दमटपणा आहे आणि त्याला डीह्युमिडिफायर पुरतो.

भेगांचं म्हणाल तर ओतीव काँक्रीटमधली केसासारखी उभी भेग बहुधा काँक्रीट आक्रसल्याची असते. ती गळत असेल तर पॉलियुरेथेन भरून बंद करता येते. पण ब्लॉकच्या भिंतीत मध्यभागी आडवी भेग असेल किंवा भिंत आत फुगल्यासारखी वाटत असेल तर बाहेरची माती तिला ढकलते आहे. तिथे काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. अशा भिंतीपुढे नवी भिंत उभारणं म्हणजे दुखणं झाकणं.

नवं कोरं घर असेल तर घाई नकोच. ताज्या काँक्रीटमधलं पाणी बाहेर पडायला वर्ष आणि वरही लागतं.

रेडॉनची टेस्ट आता करायची की काम झाल्यावर?

आता. हा वायू जमिनीतून येतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो फुफ्फुसाच्या कॅन्सरचं कारण ठरतो. अमेरिकेत ४ पिकोक्युरी प्रति लिटर आणि कॅनडात २०० बेक्वेरेल प्रति घनमीटर या पातळीला उपाय करावा असं सरकार सांगतं. उपाय म्हणजे स्लॅबखालून हवा ओढणारा पाइप आणि पंखा. तो भिंती उभ्या राहण्याआधी बसवणं सोपं, नंतर त्याचा मार्ग शोधत बसावं लागतं. काम संपल्यावर पुन्हा एकदा टेस्ट करा.

काँक्रीटला टेकवून गुलाबी फायबरग्लास लावलं आणि वर प्लास्टिक मारलं तर काय बिघडतं? जुन्या घरांत तसंच तर असतं.

जुन्या घरांत तसं असतं, आणि ती भिंत उघडली की बुरशीचा वास येतो हेही त्याच घरांत असतं.

उन्हाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच जुलै-ऑगस्टमध्ये थंड काँक्रीटचं होतं. जमिनीखालचा भाग थंड, घरातली हवा दमट. फायबरग्लासमधून हवा सहज आरपार जाते, काँक्रीटला लागते आणि तिथे तिचं पाणी होतं. त्यात काँक्रीटमधून बाहेरची ओलही आत येत असते. समोर प्लास्टिक असेल तर हे पाणी दोन्हीकडून कोंडलं जातं. मध्ये तुमचे स्टड (चौकटीतली उभी लाकडं) आणि कागदी तोंडाचं इन्सुलेशन, म्हणजे बुरशीला हवं ते सगळं.

खात्रीचा मार्ग असा: काँक्रीटला थेट चिकटवलेले कडक फोमचे बोर्ड, एक्सपीएस किंवा ईपीएस. बोर्डांमधले सांधे टेपने बंद, कडा फोमच्या नळकांडीने बंद, म्हणजे घरातली हवा काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. दोन इंच जाड एक्सपीएसचं आर-मूल्य, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, साधारण १० असतं. पेन्सिल्व्हानिया-न्यू जर्सीच्या उबदार भागात तेवढं पुरतं. शिकागो, मिनेसोटा, बॉस्टनकडे जास्त लागतं, तिथे फोमच्या पुढे स्टडमध्ये मिनरल वूल भरून ती भर काढतात. अमेरिकेत अशा भिंतीला वरून प्लास्टिकचा पडदा लावू नये, म्हणजे आत चुकून गेलेली ओल घराकडे सुकू शकते. कॅनडात मात्र बऱ्याच ठिकाणी इन्स्पेक्टर प्लास्टिक मागतो. तिथे किती फोम असेल तर प्लास्टिक माफ, हे त्याच्याशी आधीच बोलून घ्या.

फोम उघडा ठेवता येत नाही. तो पेटला तर धूर जीवघेणा असतो, म्हणून त्यावर किमान अर्धा इंच ड्रायवॉल हवाच. आणि वर, जिथे काँक्रीट संपून घराचं लाकूड सुरू होतं, त्या रिम जॉइस्टच्या खणांत (जॉइस्ट म्हणजे वरच्या मजल्याची जमीन पेलणाऱ्या तुळया) फोमचे तुकडे कापून बसवा आणि कडा भरा. थंडीत पायाला लागणारा बराचसा गारवा तिथून येतो.

लाकूड वापरू की स्टीलचे स्टड?

भारतात ऑफिसांमध्ये जिप्सम पार्टिशनमागे जे पत्र्याचे चॅनल असतात, तेच इथेही मिळतात. ते वाकत नाहीत, कुजत नाहीत, हलके असतात आणि कातरीने कापता येतात. पण त्यांवर टीव्ही, फडताळ, कपाट टांगायचं म्हटलं की आत लाकूड घालावंच लागतं, आणि पत्र्याच्या कडा वायर चिरू नयेत म्हणून प्रत्येक भोकात प्लास्टिकची बुच बसवावी लागते. पहिल्या कामाला माझा कौल लाकडाला.

लाकूड किती आणि कसं आणायचं?

टू-बाय-फोर नावाला दोन बाय चार, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच. कॅनडात सगळं मीटरमध्ये असलं तरी लाकडाच्या दुकानात बोली फूट-इंचाचीच चालते.

अंदाजाला सोपा हिशेब: भिंतीच्या दर फुटाला एक स्टड. १६ इंचांवर स्टड लावले तर ४० फुटांच्या भिंतीला नुसत्या गणिताने ३१ लागतात. पण कोपरे, दाराच्या बाजू, सोफिट (डक्ट झाकणारी छताजवळची पेटी) आणि वाकडा निघालेला माल धरून ४० संपतातच. प्लेटसाठी, म्हणजे स्टडच्या वर-खाली येणाऱ्या आडव्या लाकडांसाठी, ४० फूट साधं लाकूड वर आणि ४० फूट प्रेशर-ट्रीटेड लाकूड खाली. काँक्रीटला टेकणारी खालची प्लेट ट्रीटेडच हवी. तिच्यातल्या रसायनाने साधे खिळे गंजतात, म्हणून तिला गॅल्व्हनाइज्ड किंवा खास लेप असलेले खिळे-स्क्रू वापरा.

दुकानात प्रत्येक स्टड डोळ्यासमोर धरून टोकाकडून बघा. थोडा बाक सगळ्यांतच असतो, पण पिळलेला स्टड घरी आणू नका, तो कशानेच सरळ होत नाही. घरी आणल्यावर लाकूड बेसमेंटमध्येच मधे फळ्या घालून रचून काही दिवस ठेवा. ओलं लाकूड भिंतीत सुकलं की वळतं.

कोणती हत्यारं विकत घ्यावी लागतील?

सर्क्युलर सॉ किंवा माइटर सॉ, इम्पॅक्ट ड्रायव्हर, हॅमर ड्रिल, चार फुटी लेव्हल, चॉकलाइन (सरळ रेघ मारायची खडूची दोरी), टेप आणि गुण्या. लेझर लेव्हल असेल तर काम झपाट्याने होतं, पण साधा ओळंबा कधीच खोटं बोलत नाही आणि त्याला बॅटरी लागत नाही. हॅमर ड्रिल भाड्यानेही मिळतं.

डोळ्यांना गॉगल, कानांना प्लग. काँक्रीटला भोकं पाडताना एन-९५ मास्क घाला, कारण ती धूळ सिलिकाची असते. जुन्या घरात जमिनीवर नऊ इंची चौकोनी टाइल्स असतील तर त्या उखडू किंवा छिद्रू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची मोठी शक्यता असते, आधी तपासून घ्या.

आखणी कुठून सुरू करायची?

काँक्रीटच्या भिंतीचा सर्वांत पुढे आलेला बिंदू शोधा आणि तिथून. भिंत सरळ आहे असं धरून चालू नका. दोन इंच फोम आणि साडेतीन इंच स्टड मिळून साडेपाच होतात, त्यात अर्धा इंच मोकळीक धरून त्या बिंदूपासून सहा इंचांवर चौकटीची पुढची रेघ घ्या. दोन्ही टोकांना खूण करून चॉकलाइन मारा. कोपऱ्यात काटकोन तपासायला ३-४-५ चा नियम वापरा: एका रेघेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा, त्यांतलं तिरकं अंतर ५ आलं तर काटकोन बरोबर. आणि जागा असेल तर ६, ८ आणि १० फूट घ्या. माप जितकं मोठं तितकी चूक लहान.

स्टडच्या खुणांचं एक गुपित आहे. कोपऱ्यापासून सव्वापंधरा इंचांवर पहिल्या स्टडची कड घ्या, म्हणजे त्याचा मध्य बरोबर १६ वर येतो. पुढचे ३२ आणि ४८ वर. ड्रायवॉलचा ताव चार फुटी असतो, त्याची कड ४८ वरच्या स्टडच्या मधोमध बसते आणि पुढच्या तावाला उरलेला अर्धा स्टड मिळतो. ही खूण पाऊण इंचाने चुकली तर प्रत्येक ताव कापत बसावं लागेल. वरच्या आणि खालच्या प्लेटा एकमेकींना लावून दोन्हींवर एकदमच खुणा करा.

भिंत जमिनीवर जोडून उभी करायची की जागेवरच एकेक स्टड लावायचा?

यूट्यूबवर बहुतेक जण आडवी जोडून उभी करतात, कारण ते जलद दिसतं. नव्या मोकळ्या घरात ते जलद असतंही. बेसमेंटमध्ये तीन अडचणी येतात. पहिली म्हणजे उंची सगळीकडे सारखी नसते. स्लॅबला ड्रेनकडे उतार दिलेला असतो, एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला इंचभर फरक सहज निघतो. दुसरी, उभी होताना भिंत तिरकी असते आणि तिरकस माप सरळ उंचीपेक्षा किंचित जास्त भरतं, त्यामुळे अगदी नेमकी केलेली भिंत वर अडकते. आणि तिसरी अडचण डोक्यावरच्या पाइपांची, डक्टची आणि वायरींची. भिंत फिरायला जागाच नसते.

तरीही लांब, मोकळी भिंत असेल आणि हाताखाली दुसरा माणूस असेल तर आडवी जोडा. उंची चार-पाच ठिकाणी मोजा, सर्वांत कमी माप घ्या, त्यातूनही दोन सूत कमी करा, भिंत उभी करा आणि वरची फट शिम (लाकडाच्या पातळ पाचरी) मारून भरा. शिम जॉइस्टच्या बरोबर खाली यायला हवेत.

एकट्याने काम करत असाल तर मी जागेवरच बांधायला सांगेन. आधी वरची प्लेट जॉइस्टना ठोका. तिच्यापासून ओळंबा सोडून खालची रेघ घ्या आणि खालची प्लेट बसवा. मग प्रत्येक स्टडची उंची त्याच जागी मोजून कापा. माप घेताना टेप वाकवून अंदाज करू नका, दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवून दोन्ही प्लेटांना भिडवा आणि ती लांबी थेट स्टडवर उतरवा. स्टड असा बसावा की हाताने ढकलला तर जागेवर जावा, पण सोडला तर पडू नये. हातोड्याने ठोकून घालावा लागला तर तो वरच्या जॉइस्टला उचलतोय, आणि वरच्या मजल्यावर फरशी करकरायला लागते. टोकांना तिरके खिळे किंवा तीन इंची कन्स्ट्रक्शन स्क्रू मारा. ड्रायवॉलचे काळे स्क्रू इथे चालणार नाहीत, ते ठिसूळ असतात आणि तटकन तुटतात.

खालची प्लेट काँक्रीटला कशी पक्की करायची?

प्लेटखाली आधी सिल गॅस्केटची फोमची पट्टी अंथरा. मग तीन मार्ग आहेत: काँक्रीट स्क्रू, बारूदगोळीने खिळा मारणारी गन, किंवा कन्स्ट्रक्शन ॲढेसिव्ह. माझी पसंती निळ्या काँक्रीट स्क्रूंना, कारण चुकलं तर काढता येतात. ३/१६ इंची स्क्रूला ५/३२ चा बिट लागतो आणि पावणेतीन इंच लांबी दीड इंचाच्या प्लेटमधून सव्वा इंच काँक्रीटमध्ये जाते. भोक स्क्रूपेक्षा थोडं खोल पाडा आणि आतली धूळ व्हॅक्युमने काढा, नाहीतर स्क्रू मध्येच अडकून मोडतो. दर दोन-तीन फुटांना एक पुरतो.

स्लॅबमध्ये गरम पाण्याच्या नळ्या असतील, म्हणजे रेडिअंट हीटिंग असेल, तर एकही भोक पाडू नका. तिथे ॲढेसिव्हच.

माझी भिंत जॉइस्टना समांतर आहे आणि नेमकी दोन जॉइस्टच्या मधे येते. वरची प्लेट कशावर ठोकू?

दोन जॉइस्टच्या मधे आडवे टू-बाय-फोरचे तुकडे, ब्लॉकिंग, दर दोन फुटांवर आधी बसवा आणि प्लेट त्यांना मारा.

कॉलोरॅडोत सगळे फ्लोटिंग वॉल म्हणतात, ते काय?

डेन्व्हर आणि आसपासच्या भागात जमिनीत बेंटोनाइटची चिकणमाती आहे. पाणी लागलं की ती फुगते आणि स्लॅब वर उचलला जातो. भिंत वरून-खालून घट्ट असेल तर उचललेला स्लॅब भिंतीमार्फत सगळं घर ढकलतो: वरची दारं अडकतात, भिंतींना तडे जातात. म्हणून तिथे भिंत जॉइस्टना टांगलेली असते. स्लॅबवर एक प्लेट पक्की करतात, तिच्या वर दीड ते तीन इंच फट सोडून भिंतीची खरी तळप्लेट येते, आणि लांब खिळे दोन्हींतून असे घालतात की ते मोकळ्या भोकात वर-खाली सरकू शकतील. ड्रायवॉल तेवढाच वर थांबतो. खालची बेसबोर्ड पट्टी दोन्ही प्लेटांना ठोकली तर सगळं मुसळ केरात, ती एकाच प्लेटला लावायची. दाराच्या चौकटींनाही तशीच मोकळीक लागते. त्या भागात हा कोडचा, म्हणजे बांधकामाच्या नियमांचा, भाग आहे, आणि फट किती हवी ते स्थानिक बिल्डिंग ऑफिस सांगतं.

फायर ब्लॉकिंग म्हणजे काय? इन्स्पेक्टर त्यावरच का अडतो?

कारण माणसं नेमकं तेच विसरतात. तुमची चौकट आणि काँक्रीट यांच्यामध्ये जमिनीपासून छतापर्यंत आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अखंड पोकळी तयार होते. एखाद्या जोडणीतून ठिणगी उडाली तर ती पोकळी धुराड्यासारखं काम करते. आग भिंतीमागून वर जाते, जॉइस्टच्या खणांत शिरते आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्यांना पत्ता लागायच्या आत घरभर पसरते. फायर ब्लॉकिंग ही वाट अडवतं आणि बाहेर पडायला वेळ देतं.

अमेरिकेच्या निवासी कोडप्रमाणे पोकळी वरच्या पातळीला बंद हवी आणि आडव्या दिशेने दर १० फुटांच्या आत एकदा तोडलेली हवी. त्यासाठी दीड इंच जाड लाकूड, अर्धा इंच ड्रायवॉल किंवा घट्ट कोंबलेलं मिनरल वूल चालतं. नुसता फोम चालत नाही, तो स्वतःच जळतो.

सर्वांत सोपी पद्धत भिंत उभी करण्याआधीच करता येते. अर्ध्या इंची ड्रायवॉलची इतकी रुंद पट्टी कापा की ती वरच्या प्लेटपासून मागे काँक्रीटच्या किंवा त्यावरच्या सिलच्या लाकडापर्यंत पोचेल. ती आधी जॉइस्टच्या खाली ठोका आणि तिच्या खाली प्लेट मारा. पोकळीवर झाकण बसलं. उभ्या अडथळ्यांसाठी ठरावीक स्टडच्या मागे मिनरल वूलची पट्टी काँक्रीटपर्यंत दाबून भरा. वरच्या प्लेटमधून वायरसाठी भोकं पाडली असतील तर ती आग रोखणाऱ्या कॉल्कने बुजवा. डक्ट झाकायला केलेल्या सोफिटच्या पोकळीचा आणि भिंतीच्या पोकळीचा जिथे संगम होतो तिथेही हेच.

डक्ट, पाइप आणि मधला लोखंडी खांब यांचं काय करायचं?

खांब हलवायचा नाही. तो घर पेलतो आहे. त्याभोवती चौकोनी पेटी करा किंवा तो भिंतीत येईल अशी आखणी करा. डक्टभोवती सोफिट बांधताना उंचीकडे लक्ष द्या: अमेरिकेत राहण्याच्या खोलीची उंची ७ फूट हवी आणि बेसमेंटमध्ये बीम व डक्टखाली ६ फूट ४ इंचापर्यंत चालते. कॅनडात प्रांताप्रमाणे आकडे बदलतात.

दारासाठी किती जागा सोडू? कोपरे कसे जुळवू?

दाराच्या पानापेक्षा रुंदीला दोन इंच जास्त: ३० इंची दाराला ३२ इंचांचा गाळा, उंची साधारण साडेब्याऐंशी इंच. उंची मोजताना पुढे येणारी फ्लोअरिंगची जाडी धरा. भिंत भार उचलत नसल्यामुळे दारावर आडवा टाकलेला टू-बाय-फोर पुरतो. कोपऱ्यात आतल्या दोन्ही बाजूंना ड्रायवॉलच्या कडेला मागून लाकूड मिळतंय ना, एवढंच बघा.

आई-बाबांसाठी खाली बेडरूम करायची आहे. वेगळं काही लागतं का?

लागतं, आणि इथे तडजोड करू नका. झोपायच्या खोलीतून थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी. रात्री जिन्यात धूर असेल तर वरच्या दाराचा काही उपयोग नसतो. अमेरिकेत अशा खिडकीचं मोकळं तोंड साधारणपणे ५.७ चौरस फूट लागतं, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, आणि खिडकीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. २० गुणिले २४ केलं तर जेमतेम ३.३ चौरस फूट होतात, म्हणजे दोन्ही किमान मापं घेऊन चालत नाही. बाहेरची विंडो वेल (खिडकीसमोरचा खड्डा) ४४ इंचांपेक्षा खोल असेल तर आत पायऱ्या किंवा शिडी लागते. कॅनडात मोकळं तोंड ०.३५ चौरस मीटर आणि कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नाही.

काँक्रीट कापून नवी खिडकी पाडणं हे घरच्या घरी करायचं काम नाही, त्याला इंजिनिअर आणि यंत्र दोन्ही लागतात. पण ते फ्रेमिंगच्या आधी करून घ्यावं लागतं, म्हणून निर्णय आताच घ्या. सत्तरीतल्या माणसाला त्या खिडकीतून खरंच चढता येईल का, हेही बघा. नियमात बसणारी खिडकी आणि आईला ओलांडता येणारी खिडकी यांत फरक असतो. दुसरी गोष्ट अशी की जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि खोलीच्या दाराला ३२ किंवा ३६ इंची पान द्या, ते अजून आखणीच्या टप्प्यावर फुकट आहे. स्मोक अलार्म वरच्या अलार्मशी जोडलेले हवेत, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावा.

वायरिंगचा विचार फ्रेमिंग करतानाच करायचा का?

हो, निदान भोकांपुरता. स्टडच्या बरोबर मध्यावर एक इंचापर्यंतचं भोक पाडलं तर दोन्हीकडे सव्वा इंच लाकूड उरतं आणि ड्रायवॉलचा स्क्रू वायरपर्यंत पोचत नाही. त्याहून कडेला गेलात तर स्टडवर लोखंडी पट्टी ठोकावी लागते. सॉकेट असे हवेत की भिंतीवरचा कोणताही बिंदू जवळच्या सॉकेटपासून ६ फुटांपेक्षा लांब नसेल.

कोणत्या गोष्टी भिंतीमागे झाकायच्या नाहीत?

पाण्याचा मुख्य कॉक, सांडपाण्याच्या पाइपचं क्लीनआउट (साफसफाईचं तोंड), संप पंप, कोणताही जंक्शन बॉक्स, मीटर. जिथे भिंत टाळताच येत नाही तिथे उघडणारं दार द्या. इलेक्ट्रिक पॅनेलसमोर ३० इंच रुंद आणि ३६ इंच खोल जागा कायम मोकळी लागते, तिथे सामानाची फडताळं उभारू नका. फर्नेस आणि वॉटर हीटर बंद खोलीत घेताना त्यांना जळायला हवा कुठून मिळेल हे त्यांच्या पाटीवर आणि पुस्तिकेत बघून मगच भिंत घाला. आणि पुढे कधी ते बदलायची वेळ येईल तेव्हा जुना टँक ज्या दारातून बाहेर निघेल, ते दार पुरेसं रुंद आहे ना?

इन्स्पेक्शन कधी बोलवायचं, आणि ड्रायवॉल कधी लावायचा?

चौकट, वायरिंग आणि प्लंबिंग उघडं असतानाच पहिली तपासणी होते. त्यानंतर स्टडमधलं इन्सुलेशन, त्याची तपासणी, आणि मगच ड्रायवॉल. परवानगीची सही मिळण्याआधी एकही ताव लावू नका. इन्स्पेक्टरने काही दुरुस्ती लिहून दिली तर नाराज होऊ नका. फायर ब्लॉकिंगचा राहिलेला एखादा खण किंवा विसरलेली लोखंडी पट्टी ही तासाभराची कामं असतात.

सही मिळाली की ड्रायवॉलच्या आधी अर्धा तास फोटोंसाठी ठेवा. प्रत्येक भिंतीला टेप लावून, कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असा फोटो काढा: स्टड, वायर, पाइप, ब्लॉकिंग, सगळं. छताजवळ आणि जमिनीजवळ वेगळे फोटो घ्या, आणि फाइलला भिंतीचं नाव द्या, म्हणजे पुढे टीव्ही टांगताना किंवा गळती शोधताना ते सापडतील. ड्रायवॉलचा खालचा काठ जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा. वॉटर हीटर फुटून फरशीवर पाणी पसरलं तर ते ताव शोषून घेणार नाही.